मामंजींची वाव

धारूरच्या घाटाखाली बालाघाटाच्या पायथ्याला चतुराबाईचं शेत. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या अकरा घरांनी मिळून पाणी सोसायटी केली, तेव्हा विहिरीसाठी शेताचा कोपरा तिनंच दिला. देताना एवढंच म्हणाली, "हितंच पाणी हाय. मामंजी सांगून गेलेत. अकरा वावांवर झरा."

मामंजी म्हणजे तिचे सासरे धर्मराज. त्यांची जुनी विहीर तिथून दहा पावलांवर होती. एका पावसाळ्यात ती ढासळून बुजली, म्हणून नवी शेजारी खोदायची ठरली. जमीन सपाट, खालचा खडक तोच.

कामावर ओव्हरसियर आले ते मालवणकडचे परब. "वाव?" ते हसले. "आमचे खलाशी दोरीला शिसं बांधून समुद्र वावांनीच मोजतात. चार हातांची एक वाव, म्हणजे सहा फूट. अकरा सक सहासष्ट." वहीत त्यांनी सहासष्टचा आकडा घातला आणि काम सुरू झालं.

चार महिने सुरुंग उडाले. बायांनी डोक्यावरून दगड वाहिले, त्यात चतुराबाईही होती. अखेर टेप सहासष्टावर टेकला, आणि तळाला कोरडा ठक्क काळा पाषाण.

चेअरमन आबासाहेबांनी कडेवर उभं राहून हात झटकले. "बस झालं. सोमवारी मिटिंग घेतो. सुरुंगाचं सामान ओढ्याकडं न्यायचं, तिथं दुसरी विहीर खोदू. न्हाईतर तिकडचं पानीबी हातचं जाईल."

"आनि माजा कोपरा?"

"त्यात कोंबड्या पाळ, वहिनी," कुणीतरी मागून बोललं, आणि बाकीचे हसले.

चतुराबाई हसली नाही. घरी आली, पाय धुतले, तुळशीपुढं दिवा लावला. तुळशीच्या चौथऱ्यात जुन्या विहिरीच्या कठड्याचा दगड बसवलेला होता. पाणी लागलं की ज्यानं झरा फोडला त्यानं कठड्यावरच्या ओल्या चुन्यात पंजा दाबायचा, ही तिकडची रीत. मामंजींनी बोटं ताणून दाबलेला तो पंजा चतुराबाई वीस वर्षं रोज पूजत होती. त्या दिवशी हळद लावता लावता तिचा हात थांबला. तिनं आपला पंजा त्यावर ठेवून पाहिला. करंगळी दोन बोटं अलीकडंच राहिली.

मामंजी दारातून वाकून येत. अशा माणसाची वाव सहा फुटांची कशी असेल?

सकाळी ती खराट्याची काडी आणि ताक घेऊन पंजा घासायला बसली. वीस वर्षांच्या हळदीकुंकवाचे थर चढले होते, बोटांची टोकंच दिसत नव्हती. शेजारची छबुबाई धावत आली.

"आगं, देव खरवडतीस का काय? कावून असं इपरीत?"

"देव न्हाई, मामंजीचा हात हाय. वीस वर्सं बसून पूजा घेतली, आता थोडं काम करू दे त्यांना."

छबुबाईनं कानाला हात लावले, देवाची माफी मागितली, आणि मग तीच घासायला बसली.

सोमवारी मिटिंग भरली ती चतुराबाईच्याच अंगणात. तिनं आबासाहेबांना उभं केलं. "आबासाहेब, तुमच्या आठ विती दोरीवर मोजा. दोन वितींचा हात, चार हातांची वाव. आता दोन्ही हात पसरा, ह्या टोकापासून त्या टोकापातुर तीच वाव."

आबासाहेबांनी हात पसरले. दोरी बोटभर कमी पडली.

"पोट मधी आलं!" छबुबाई म्हणाली.

मग खोदकाम करणारा सिदू पुढं आला. उंचपुरा गडी. त्याच्या आठ विती अन् पसरलेले हात जवळजवळ तंतोतंत. पण त्याची दोरी आबासाहेबांच्या दोरीहून चांगली वीतभर लांब.

"सायेब, खलाशाची वाव सगळ्यांची एकच आसंल," चतुराबाई परबांना म्हणाली. "आमच्यात दोरी ज्याची, वाव त्याची. आता हे मोजा."

परब गुडघ्यावर बसले. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत टेप धरला. पावणेदहा इंच. पुन्हा धरला. पावणेदहाच. वहीत मांडत ते मोठ्यानं बोलू लागले, "आठ विती, अठ्ठ्याहत्तर इंच. साडेसहा फूट. अकरा वाव... साडेएकाहत्तर." त्यांनी चष्मा काढला. "बाई, आपण साडेपाच फूट अलीकडं थांबलोय."

"आनि न्हाई लागलं तर?" आबासाहेबांनी विचारलं.

"तर त्या खड्ड्यात कोंबड्या पाळीन. पर साडेपाच फूट मला द्या. सामान हितंच ऱ्हाईल."

आबासाहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं. सिदूनं आधीच पहार उचलली होती.

पाच दिवस चतुराबाई पहिल्या टोपल्याला हजर. रोज सकाळी पंजाला नुसतं पाणी घालायची, हळद नाही. पाचव्या दिवशी दुपारी, चार फूट खाली, सिदू ओरडला, "मावशी, पहार गार लागतीय!" पाषाणाच्या फटीतून बोटाएवढी धार निघाली, आणि बघता बघता त्याचे घोटे बुडाले.

परबांनी टेप सोडला. सत्तर. "दीड फूट जास्त सांगितलंत बाई," ते चिडवत म्हणाले.

चतुराबाई क्षणभर विचारात पडली, मग कपाळावर हात मारून हसली. "कठडा! मामंजीनी दोरी कठड्यावरून सोडलती. दीड फूट कठडाच व्हता की!"

नवा कठडा बांधून झाला, तेव्हा सिदूनं ओल्या चुन्यात आपला पंजा दाबला. आबासाहेब म्हणाले, "वहिनी, तुमीबी दाबा. मान तुमचा." तिनं दाबला. मग परबांच्या हातात खिळा दिला.

"खाली लिवा सायेब. जमिनीपासून सत्तर फूट. जमिनीपासून, हे आधी. म्होरं कुन्या सुनेला माजा हात खरवडाय लागू नये."