शीर्षासनातलं आडनाव

नोकरी सुटल्यावर सासऱ्यांनी मला नाशिकमधल्या आपल्या चामडी बॅगांच्या दुकानात घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात तापलेला ठसा हाती दिला. एका तापट एसटी कंडक्टरांच्या बॅगेवर त्यांचं आडनाव उमटवायचं होतं. मी बॅग पालथी घातली, झाकण पुढे पसरलं आणि मला सरळ दिसेल असा ठसा दाबला. झाकण मिटलं, तर आडनाव खाली डोकं वर पाय!

चामड्यावरचा डाग पुसता येत नाही, आणि ही नोकरी गेली तर दुसरी द्यायला मला दुसरा सासरा नव्हता.

"जावईबापू, तुम्हीच द्या आता त्यांच्या हातात," सासरे म्हणाले.

कंडक्टर आले तेव्हा मी मागच्या खिडकीतून माझं पोट बाहेर जाईल का, याचा अंदाज घेत होतो. त्यांनी बॅग गळ्यात अडकवली, मान खाली घातली आणि ओरडले, "वा! वरून मला सरळ वाचता येतंय! माझा भाऊपण कंडक्टर आहे, त्यालाही अश्शीच करा."

सासऱ्यांनी ठसा पुन्हा शेगडीत खुपसला. "सरळ उमटलं तर याद राखा."

ठसा लाल झाला, आणि मगाशी चुकताना मी बॅग कशी धरली होती तेच मला आठवेना.