दोनदा ‘नको’ म्हणायचं असतं

आमच्या घरी पैसे घेण्याची एक रीत होती. पाहुणा निघाला की चपला घालता घालता माझ्या हातात नोट कोंबायचा आणि म्हणायचा, ‘खाऊला.’ आपण ‘नको नको’ म्हणत हात मागे घ्यायचा. तो पुन्हा द्यायचा, आपण पुन्हा ‘नको’. तिसऱ्या वेळी आई म्हणायची, ‘घे, एवढं म्हणतायत तर.’ मग घ्यायचे. पहिल्या फटक्यात घेणारं पोर हावरट आणि तिसऱ्यांदाही न घेणारं शिष्ट. चिंचणीचे मामा तर नोट घेऊन अंगणभर माझ्या मागे धावायचे.

ही रीत अंगात मुरवून मी २०१४ साली क्रूझच्या जहाजावर नोकरीला लागलो. प्रवाशांच्या केबिन आवरायच्या, चादरी बदलायच्या, हवं-नको बघायचं. पहिल्याच सफरीच्या शेवटच्या सकाळी एक म्हातारं अमेरिकन जोडपं उतरायला निघालं. बाईंनी टिपचं पाकीट पुढे केलं. मी छातीवर हात ठेवून इंग्रजीत ‘नको नको’ म्हटलं आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिलो. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझा खांदा थोपटला, पाकीट परत पर्समध्ये टाकलं आणि त्या लिफ्टकडे निघून गेल्या.

माझ्यापेक्षा जुना असलेला रत्नागिरीचा स्टुअर्ड पोट धरून हसला. ‘अरे मेल्या, ही माणसं दुसऱ्यांदा विचारत नाहीत! पगार नावाचा, आपलं घर चालतं ते ह्याच्यावर.’ पुढच्या सफरीपासून मी सुधारलो. हात पुढे, तोंडभर हसू, थँक यू.

रजेवर डहाणूला आल्यावर हा किस्सा मी रंगवून सांगितला. आई हसून हसून बेजार. बाबा मात्र ताटावरून उठले.

बाबा रानशेतच्या शाळेत मास्तर होते. वर्ष संपलं की पालक टोपलीभर चिकू नाहीतर परसातला दुधी घेऊन यायचे. बाबा त्यांना बसवून चहा पाजायचे आणि टोपली जशीच्या तशी परत पाठवायचे. अशा माणसाचा मुलगा बक्षिशी घेतो, हे त्यांना गिळवेना. ‘पगार मागून घ्यावा,’ ते म्हणाले, ‘पण लोकांपुढे हात?’ ‘बाबा, ती माझी कमाई आहे,’ मी म्हटलं. त्यावर त्यांनी पेपर उघडला. शेजारीपाजारी ते ‘मुलगा जहाजावर असतो’ एवढंच सांगायचे. ऐकणाऱ्याने कप्तान समजावं, ही त्यांची सोय.

मी पाठवलेल्या पैशांना त्यांनी कधी हात लावला नाही. त्यातून आईने मिक्सर घेतला, तर म्हणाले, ‘मला पाट्यावरचीच चटणी लागते.’ आई मिक्सरमध्येच वाटायची आणि त्यांच्या कानावर पडावं म्हणून पाट्यावर वरवंटा चार वेळा फिरवायची. बाबा चवीने खायचे. मला मात्र ते आतून लागायचं. त्यांच्या तोंडून एकदा तरी माझ्या कामाला काम म्हटलेलं ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं.

२०१८ साली मी रजेवर असतानाच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही. मग मी मला येत होतं तेच केलं. चादरीचे कोपरे ताणून गादीखाली दाबले, पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर ठेवला, न वाकता पाय सरकवता येतील अशा चपला मांडल्या. आणि सवयीने टॉवेलची घडी घालून उशीशी हत्ती करून बसवला. जहाजावर प्रवासी त्याचे फोटो काढतात.

बाबांनी काळ्या चष्म्याआडून बघत तो चाचपला. ‘हे काय?’

‘हत्ती.’

‘सोंड लांब झालीय.’

दुसऱ्या दिवशी मी सोंड आखूड केली. तिसऱ्या दिवशी ससा केला. नंतर नंतर बाबा सकाळचा चहा झाला की आपणहून ओटीवर जाऊन बसू लागले, मला खोली आवरता यावी म्हणून. अर्ध्या तासाने आत जायचे आणि आईला हाक मारायचे, ‘अगं, आज माकड आहे बघ!’ ते दिवस आठवले की अजून वाटतं, रजा थोडी वाढवून मागायला हवी होती.

निघायच्या दिवशी बाबा पहिल्यांदा मला सोडायला डहाणू रोड स्टेशनवर आले. गुजरातकडून येणारी पॅसेंजर दिसली तसा त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक कोरी नोट माझ्यापुढे धरली.

माझा हात जहाजावरच्या सवयीने लगेच पुढे गेला. नोट घेतली, तोंडभर हसलो आणि म्हणून गेलो, ‘थँक यू, सर.’

बाबा बघतच राहिले. ‘अरे, दोनदा नको म्हणायचं असतं! हेच शिकवलं का तुला आईने?’

‘आणि तुम्ही परत खिशात घातली असतीत तर?’

बाबा हसले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि डोळ्याला हात लावू नका म्हणून मलाच ओरडावं लागलं. ओशाळून मी नोट परत करायला गेलो, ‘बाबा, राहू दे, खाऊला काय मी लहान आहे का आता?’

त्यांनी माझी मूठ मिटवली.

‘खाऊची नाही रे,’ ते म्हणाले. ‘कमाईची आहे. ठेव.’