मावशीच्या बाजूचा ब्रेक

आमची मावशी गाडी चालवायला शिकवते, पण तिच्याकडे शिकलेल्या माणसाला गाडीआधी पाखरं ओळखता येतात. तिच्या धड्यांचे रस्ते ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात ती शिकाऊ मंडळींना तळ्याकडे नेते. तिथे रस्त्याभर बेडूक उड्या मारत असतात आणि त्यांना चुकवता चुकवता क्लचवरचा पाय आपोआप सुधारतो. हिवाळ्यात तळ्यावर बदकं उतरली की गाडी मागे घेण्याचा धडा काठावर. तिथे हॉर्न वाजवलात तर गाठ तिच्याशी! उन्हाळ्यात कालव्याच्या कडेने हळूहळू, कारण मातीच्या काठात निळ्या खंड्या पक्ष्याची बिळं आहेत. बँकेतल्या एका साहेबांना दोन महिने तिसरा गिअर बघायलाही मिळाला नव्हता. तणतणत तक्रार करायला आले आणि खंड्याने मासा कसा उचलला ते सगळ्यांना सांगत परत गेले.

मी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे फी माफ आणि बोलणी दुप्पट. "अगं, गिअर आहे तो, लाटणं नव्हे!" हे रोजचंच.

गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजलेत, आता शिकवणं थांबवा. मावशी ऐकतेय होय! "मी कुठे चालवते? चालवतात ते शिकाऊ. मी आपली शेजारी बसते," म्हणाली. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो आणि तो वेळेवर दाबायला समोरचं दिसावं लागतं, हे तिला कोण सांगणार? काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सांगून पाहिलं. ते दिवसभर शिलाई मशीन दुरुस्त करतात, बिघाड दिसला की त्यांना चैन पडत नाही. शेवटी त्यांनी मला गाठलं.

"माझं तर ती ऐकत नाही. तू बोल. कुणाचं पोर गाडीखाली आलं ना, तर ती त्या धक्क्यानेच जाईल."

मी हो म्हटलं खरं, पण रोज तोंडाशी आलेलं गिळत होते. या फेऱ्या बंद झाल्या तर बाईने घरात बसून भिंती बघायच्या? माझा जीवच होईना.

परवा दुपारी आम्ही कालव्याच्या रस्त्याने निघालो. उजवीकडे खंड्या बसलाय, असं मावशीने मोठ्या तोऱ्यात दाखवलं. तिथे निळी पिशवी अडकली होती. मी म्हटलं, "हो ना, काय मस्त!" काय करणार?

"रस्ता मोकळा आहे," ती म्हणाली. "टाक आज तिसरा. घाबरतेस काय एवढी!"

मी तिसरा टाकला, आणि पुढे बघते तर रस्त्याच्या मधोमध कासव. चांगलं ताटाएवढं. तळं आटलं म्हणून पाणी शोधत निघालं असावं. मी मावशीच्या पायाकडे पाहिलं. पाय हलला नाही. मग मीच कचकन ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली.

"हे काय? वेड लागलं का तुला?" मावशी ओरडली.

"कासव आहे, मावशी."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. तिने मान पुढे काढून काचेतून बघितलं, मग खाली उतरली, चालत गेली आणि पार वाकल्यावर तिला ते दिसलं. मला वाटलं, आता बोलावंच. पण डोळेच भरून आले. तिने कासव दोन्ही हातांनी उचललं, कालव्याच्या उतारावर नेऊन ठेवलं आणि हात झटकत परत येऊन सीटवर बसली.

"ते मेलं असतं गं," ती म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून मेलं असतं."

"मावशी..."

"रडतेस काय? रडत गाडी चालवतात का?" तिने चपला काढल्या, ब्रेकवरचे दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. "चल, चालू कर. आणि काय काय दिसतंय ते मला सांगत चल."