क्लाइव्हची खुर्ची

आमच्या वॅरंडिल गावात क्लाइव्ह टकवेलला कुणी घाईचं काम सांगत नाही. माणूस भला, पण एखाद्या गोष्टीच्या मागं लागला की हात धुऊनच. निवृत्त झाल्यापासून त्याला लांबलचक फोटोंचं वेड लागलं होतं. तिपाईवरचा कॅमेरा थोडाथोडा वळवत तुकडे काढायचे आणि मग ते जोडायचे.

हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळायचा आमचा बोल्स क्लब बंद व्हायचं ठरलं, तेव्हा सगळ्या सभासदांचा शेवटचा फोटो काढायचं काम आपसूक त्याच्याकडे गेलं. त्याच्या बायकोची, ग्लेनिसची, एकच अट होती. याच हिरवळीवर त्यांचं लग्न लागलेलं, म्हणून फोटोत तो शेजारी हवा. घरातल्या एकाही फोटोत क्लाइव्ह नाही. सगळे त्यानंच काढलेले. तिनं शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवून जागा धरली.

क्लाइव्हनं समोर एक काठी रोवली आणि तिच्या रेषेत लांबचा सायलो, म्हणजे गव्हाची उंच कोठी, धरला. कॅमेरा वळवला की काठी सायलोपुढून सरकायची. कॅमेरा ज्या आसावर वळतो त्यावर भिंग नेमकं येईपर्यंत ती सरकणारच, आणि तोवर जोडलेल्या फोटोत मागचं कुंपण तुटणारच. तो कॅमेरा तिपाईच्या सरकत्या पट्टीवर केसभर मागं घेई, वळवी, मान हलवी, पुन्हा केसभर पुढं घेई. आम्ही उन्हात माशा हाकत बसलो. सॉसेजं गार झाली.

"अरे बाबा, आज काढणार की नाताळला?" बारवाला डग ओरडला.

"जवळचं आणि लांबचं हलता कामा नये!"

शेवटी एकदाची काठी थांबली.

"जा, बस बायकोजवळ. बटण मी दाबतो," डग म्हणाला.

"हात लावशील तर खबरदार! सगळं मुसळ केरात जाईल."

डगचे पाय भरून आले होते. त्यानं टोपी उचलून ग्लेनिसच्या हातात दिली आणि खुर्चीत बसला. तिनं ती मांडीवर ठेवली. क्लाइव्हचा डोळा कुंपणावर होता.

आता तो फोटो पबमध्ये टांगलाय. कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. परगावचे लोक डगकडे बोट दाखवून ग्लेनिसला विचारतात, "हे तुमचे मिस्टर का?" ती "हो" म्हणते. समजावत बसायला क्लाइव्हइतका वेळ कुणाकडे आहे?

परवा क्लाइव्हनं ते ऐकलं. त्याचा चेहरा असा पडला की मला त्याची कीव आली.

"पण कुंपण बघ ना ग्लेनिस," तो म्हणाला. "कुठं हललंय का?"

"नाही रे. मी खुर्चीत, तू तिपाईमागं. इतक्या वर्षांत काहीसुद्धा हललं नाही."