अक्काच्या तोंडचं वाक्य

आमच्या शेजारच्या भावोजींइतका नाटकातलं सगळं कळणारा आणि घरातलं काहीही न कळणारा माणूस अख्ख्या गोरेगावात दुसरा नसेल. असलाच, तर त्याच्या बायकोची मला न बघताच दया येते. हे मी कुणाला तोंडावर सांगितलेलं नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून हे वहीत.

भावोजी गिरणीत कापड तपासायला होते. ताग्यावर तागा बोटाखालून आणि डोळ्यांखालून घालायचा, कुठे सूत तुटलंय, कुठे डाग पडलाय ते हेरायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी येताना ती नजर काही ते गिरणीत ठेवून येत नसत. भातात खडा, भिंतीला पोपडा, अक्काच्या बोलण्यात मालवणी हेल. अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी चाळ तिला अक्काच म्हणायची. पण गिरणी हा त्यांचा पोटापुरता उद्योग. खरा उद्योग नाटकं लिहिण्याचा. दर सव्वीस जानेवारीला चाळीत सत्यनारायण असायचा आणि पूजा आटोपली की संध्याकाळी पटांगणात भावोजींचं नाटक. प्रसाद आधी वाटला की माणसं नाटकाला थांबत नाहीत, हे दोन वर्षांत ध्यानात आल्यावर प्रसाद नाटकानंतरच वाटायचा असा ठराव त्यांनी मंडळात करून घेतला होता. त्या शिऱ्याच्या आशेवर आम्ही किती मरणं पाहिली त्याची गणती नाही. कारण त्यांच्या नाटकात पहिल्या अंकात कुणी खोकलं, की तिसऱ्या अंकात ते माणूस जायचंच. याला ते पूर्वसूचना म्हणायचे. त्यामुळे पहिल्या अंकात नटाला खरोखरच ठसका लागला तरी पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरून रडायच्या तयारीला लागायच्या.

बरं, नाटक लिहून गप्प बसतील तर ते भावोजी कसले! ते समजावूनही सांगायचे. चुलीवर दूध उतू गेलं तर म्हणाले, "हे प्रतीक आहे." अक्कानं ते प्रतीक फडक्यानं पुसलं आणि उरलेल्याचा चहा केला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते स्वगतही म्हणायचे. "या घरात माझं ऐकून घेणारं कोणी नाही!" असं ते भिंतीकडे तोंड करून म्हणत, आणि पलीकडे फळीची भिंत असल्यामुळे ते मला, आमच्या घरच्यांना आणि जिन्याखालच्या किराणावाल्यालाही ऐकू जाई.

पण त्यांचा सगळ्यांत लाडका विषय उपरोध. एकदा सकाळी नळावर आम्हा बायकांना धरून त्यांनी तो समजावला. बादली नळाखाली, पाठ नळाकडे, तोंड आमच्याकडे. "प्रेक्षकाला ठाऊक असतं, पात्राला नसतं. पात्र बिचारं ऐटीत उभं असतं, आणि मागे त्याचा घात होत असतो. समजलं?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. आम्हाला चांगलंच समजलं होतं, कारण त्यांच्या मागे नळाचं पाणी केव्हाच गेलं होतं आणि बादलीत तांब्याभर पाणी होतं. एकीनेही सांगितलं नाही.

या माणसाच्या नाटकांशी माझा संबंध आला तो अक्षरामुळे. माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर चांगलं राहिलं. भावोजींचं अक्षर त्यांचं त्यांनाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. म्हणून त्यांनी लिहायचं आणि मी कार्बन घालून नटांसाठी नकला काढायच्या, असं ठरलं. मला ते आवडायचं. कोणाशी बोलावं लागत नाही, आणि दहा माणसं आपल्या हातातून बोलतात. भावोजी स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वाचत नसत. "लेखकानं मागं वळून पाहू नये," म्हणायचे. मागं वळून पाहिलं असतं तर बादली तरी भरली असती.

रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची त्या दिवसांतलं एक नाटक. नवरा मोठा विद्वान, बायको अडाणी. नकला करायला बसले आणि दुसऱ्याच पानावर माझा हात थांबला. नाटकातली बायको नवऱ्याच्या लेखाच्या कागदात सुकट बांधून ठेवते. हे अक्काकडून खरंच झालं होतं आणि सगळ्या चाळीला माहीत होतं. पुढे नवरा तिला चार लोकांसमोर विचारतो, "तुला काय कळतं गं?" आणि तिचं उत्तर, "मला मेलीला काय कळणार! मी आपली दगड." कंसात भावोजींनी लिहिलं होतं, प्रचंड हशा.

आणि त्याच दुपारी अक्का माझ्या उंबऱ्यात बसून आपलं ठेवणीतलं आमसुली लुगडं दुरुस्त करत होती. नाटकातल्या बायकोला नेसवायला. त्या बायकोचं काम टपाल खात्यातला एक कारकून करणार होता. तो मिशी काढायला तयार नव्हता, आणि भावोजींनी त्या मिशीलाही प्रतीक ठरवून टाकलं होतं. त्या मिशीवाल्यासाठी अक्का काठाला बारीक टाके घालत होती. मध्येच मान वर करून म्हणाली, "गो, तू वाचलंस मां? नाटकातली ती बाई चांगली आसा?"

"चांगली आहे," मी म्हटलं.

"माझा लुगडा नेसतली म्हणजे चांगलीच असतली," असं म्हणून ती हसली आणि दातांनी दोरा तोडला.

ती पुढच्या रांगेत बसणार. तिचं लुगडं, तिची सुकट, आणि सगळी चाळ हसणार. मी खोटं बोलले होते, ते आता खरं करणं भाग होतं. एकदा मासे साफ करताना मी तिला विचारलं होतं, भावोजी एवढं बोलतात, तू गप्प कशी बसतेस? तेव्हा ती जे बोलली होती तेच मी शुद्ध भाषेत करून त्या दगडाच्या वाक्याच्या जागी लिहिलं. पेन इतकं दाबलं की एक कार्बन फाटला. "सगळं कळतं मला. पण मीही बोलायला लागले, तर तुम्ही बोलायला जाल कुठे? बाहेर कोण ऐकतंय तुमचं?"

तालमीत कारकुनानं ते वाक्य म्हटलं आणि भावोजींनी मिटलेले डोळे उघडले. मी दारात तांदूळ निवडत होते. ताटातला तांदूळ मला दिसेनासा झाला.

"हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच की हो, साहेब. हे बघा ना, कागदावर आहे." कारकून म्हणाला.

भावोजींनी कागद हातात घेऊन पाहिला. मग छाती पुढे काढून म्हणाले, "अरे, लेखकालाही ठाऊक नसतं आपल्या हातून काय उतरतं ते! याला म्हणतात उपरोध. तिला सगळं कळतं, हे प्रेक्षकाला ठाऊक, नवऱ्याला मात्र पत्ता नाही!" हे ते सांगत असताना अक्का मागे चहाच्या कपबशा घेऊन उभी होती.

सव्वीस जानेवारीला त्या वाक्यावर चाळ इतकी हसली की कारकुनाला दोनदा थांबावं लागलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत एरवी भावोजींना चुकवण्यासाठी मागच्या जिन्यानं ये-जा करणारी सगळी माणसं होती. भावोजी पडद्याच्या बाजूला उभं राहून नमस्कार करत होते. एकटी अक्का हसली नाही. तिनं मागे वळून बायकांच्या घोळक्यात मला शोधलं. प्रसाद घेताना माझा दंड दाबून म्हणाली, "माझ्या तोंडचा काढून घेतलंस गो." आणि माझ्या हातावर दुप्पट शिरा ठेवला.

अक्का गेली त्याला दोन वर्षं झाली. भावोजी त्याआधीच गिरणीतून निवृत्त झाले होते. आता नाटक नाही, उपरोध नाही, भिंतीपलीकडून स्वगतही नाही. नळावर कधी दिसले तर आपण होऊन नळाकडे तोंड करून बादली धरतात. गेल्या महिन्यात दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, त्या नाटकाची नक्कल आहे का हो तुमच्याकडे? सुकटीच्या?"

मी ट्रंकेतून काढून दिली. कापड तपासायचे तसं त्यांनी प्रत्येक पानावरून बोट खाली खाली नेलं. त्या ओळीवर बोट थांबलं.

"एवढं पान नेऊ?"

"न्या की. तुमचंच आहे, भावोजी."

"तीस वर्षं कापड तपासलंय मी, वहिनी," ते म्हणाले. "एखादं सूत दुसऱ्या मागाचं आलं तर बोटाला लागतं." पुढे आता ते समजावून सांगतील म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी काहीच समजावलं नाही. पान घडी करून खिशात ठेवलं आणि गेले.

त्या संध्याकाळी खूप दिवसांनी फळीपलीकडून आवाज आला. भावोजी ते वाक्य वाचत होते. मी लिहिलं होतं शुद्ध भाषेत. ते वाचत होते अक्काच्या हेलात. "सगळा कळता माका. पण मी बोलूक लागलंय, तर तुमी बोलूक खंय जातलात?"