आधी बुढ्याले

कुठल्याही गावी गेलो की तिथली दारू कशी गाळतात ते पाहायची मला हौस. भिलाईला बहिणीकडे गेलो, तेव्हा मेहुणे भिलाई-तीन स्टेशनच्या पुढे एका खेड्यात मोहाच्या भट्टीवर घेऊन गेले. भट्टीवाली म्हातारी मूळची गोंदियाकडची. वाफ गार करायला हंड्यावर ठेवलेलं, आता तापलेलं पाणी बदलताना ती जाळाशीच भांडत होती. तिनं भरून दिलेला द्रोण मी तोंडाला लावणार, तोच तिनं मनगट धरलं.

"आधी माह्या बुढ्याले दे."

बुढा म्हणजे तिचा वारलेला नवरा. पहिला घोट त्याच्या नावानं मातीवर सोडायचा. मी भक्तिभावानं अर्धा द्रोण ओतला.

"अरे, कावून सांडून राहिला? जित्ता होता तवा सारी तोच पेत होता. आता थेंबात भागव त्याचं!"

माझा द्रोण पुन्हा भरताना मात्र तिनं स्वतःच हळूच आणखी थोडी मातीवर सोडली.