पोटं चिरणारी केझाया

पिंचर्स कोव्ह या कोळीगावात मासा म्हणजे कॉड. सॅमनला सॅमन म्हणायचं, हेरिंगला हेरिंग, पण नुसतं 'मासा' म्हटलं की कॉडच. आणि याच्याइतका अधाशी जीव देवाने दुसरा घडवला नसेल. खेकडे कवचासकट गिळतो, कोळंबी खातो, शिंपले खातो, स्वतःच्या जातीची पिल्लंही सोडत नाही मेला. एकदा एकाच्या पोटात तंबाखूची अख्खी डबी निघाली. आतली तंबाखू भिजलेली म्हणून होड्यांचा म्होरक्या ओबडाया तांडेल दिवसभर त्या मेलेल्या माशाला शिव्या घालत होता.

केझायाही तेव्हा पोट धरून हसली होती. तिचा नवरा ईलम बुडाला नव्हता तोवरची ही गोष्ट.

ईलम मे महिन्यात एकटाच होडी घेऊन खडकांकडे गेला. होडी उलटी सापडली, तो सापडला नाही. पाद्री म्हणाले, प्रेत नसलं तरी प्रार्थना म्हणता येते, बाई.

"रिकामी पेटी पुरू?" केझाया म्हणाली. "त्यापेक्षा मीच झोपते तिच्यात. मला त्याचं एक बटण आणून द्या. बटण पुरेन, पण त्याचं हवं."

बटण कोण आणून देणार?

लग्न होऊन आली तेव्हापासून ती तांडेलाच्या माचावर कामाला. माच म्हणजे पाण्यात खांब रोवून उभारलेली लाकडी छपरी. तिथे एकजण माशाचं पोट फाडून तो पुढे सरकवतो. केझायाने कलेजी उपसून पिंपात टाकायची, आतडी-पोट फळ्यांमधल्या भोकातून खाली समुद्रात सोडायचं, मुंडकं मोडायचं आणि मासा ज्यूडकडे ढकलायचा. ज्यूड मधला काटा काढून मासा मिठाकडे पाठवणार. तिचा हात असा चालायचा की ज्यूडला नाक पुसायला फुरसत मिळत नसे.

जूनमध्ये मासा किनाऱ्याला लागला आणि केझायाने खाली काही सोडणंच बंद केलं. एकेका माशाचं पोट हातात घ्यायची, सुरीने चिरायची, आतला लगदा बोटांनी चाचपायची. समोर ढीग साचायला लागला.

"केझाया, अगं मासा नासतोय!" ज्यूड ओरडला.

"नासू दे."

"नासू दे? आणि हिवाळ्यात माझ्या पोरांनी काय खायचं? तो तुझा लगदा?"

तिने पुढचं पोट चिरलं. ज्यूडचं तोंड उतरलं. दिवसभर त्याने मान वर केली नाही.

शेवटी तांडेलानेच तिला बाजूला घेतलं. म्हातारा, दाढी पांढरी, आवाज मात्र वादळात घुमेल असा. त्या दिवशी मात्र हळूच बोलला.

"पोरी, हे कॅपलिनचे दिवस. मासा त्या बोटभर चांदीच्या मासळीमागे वेडा होऊन आलाय. घशापर्यंत ठासून भरलाय. गळाला लावलेलं आमिष नुसतं हुंगतही नाही, म्हणून तर जाळी लावली. तो आत्ता दुसऱ्या कशाला तोंड लावायचा नाही. थंडी पडू दे, तळाला जाऊन मिळेल ते ओरबाडायला लागेल, तेव्हा बघू."

"तोवर त्याचं काय उरेल, तांडेल?"



तिने मासा खाणंही सोडलं होतं. ज्या गावात चुलीवर दुसरं काही शिजत नाही, तिथे बाई पाव आणि चहावर जगत होती. का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळत होतं आणि सगळ्यांचाच घास अडत होता.

मग एके सकाळी तांडेल स्वतः पोटं फाडायला उभा राहिला. एक दांडगा मासा त्याने केझायापुढे सरकवला. "हा जरा जड लागतोय," म्हणाला, आणि दुसरीकडे बघायला लागला.

तिने पोट चिरलं. आत हातमोजा होता. पांढऱ्या लोकरीचा, अंगठ्याला तपकिरी लोकरीचं ठिगळ.

माचावरचे सगळे हात थांबले. ज्यूडने टोपी काढली.

ते ठिगळ केझायानेच घातलेलं. गेल्या वर्षी दोर ओढून तांडेलाचे हात सोलून निघाले, तेव्हा ईलमने आपली जुनी जोडी त्याला दिली होती. द्यायच्या आधी तिने हा मोजा चुलीपाशी बसून शिवला होता. ईलम गेला त्या दिवशी त्याच्या हातात नवी जोडी होती. आणि मोज्याखाली होतं ठासून भरलेलं कॅपलिन. घशापर्यंत भरलेल्या माशाने वर आणखी मोजा गिळला म्हणे! जन्म गेला म्हाताऱ्याचा मासा कापण्यात, आणि नेमकं हेच विसरला.

तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की मोजा त्याच्या तोंडावर फेकावा. तिने वर पाहिलं. म्हातारा अजून दुसरीकडेच बघत होता. मे महिन्यापासून काम आटोपलं की हाच एकटा वल्ही मारत कडेकडेने ईलमला शोधत फिरायचा, हे तिला माहीत होतं.

"त्याचाच आहे," केझाया म्हणाली.

खोटं काय होतं त्यात?

मोजा पेटीत घालून पुरला. पाद्री बोलले, सगळा कोव्ह गायला, तांडेल हुंदके देऊन रडला. नंतर त्याच्या घरी बायकांनी तिच्यापुढे बटाटे आणि मासा वाढला. "आता खा गं बाई, आता सुटलीस." सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने घास घेतला. चावला. गिळला. परसात जाऊन सगळं ओकली, आणि परत येऊन उरलेलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी माचावर पहिला मासा तिच्यापुढे आला. तिने कलेजी पिंपात टाकली. पोट हातात घेतलं आणि भोकावर धरलं. ज्यूडने सुटकेचा निःश्वास टाकला.

तिने हात मागे घेतला आणि सुरी उचलली.

तांडेलाच्या हातातला मासा गळून पडला. मासा नासतोय, असं कुणी म्हणालं नाही. ज्यूडने आपली सुरी खाली ठेवली आणि तिचं होईपर्यंत थांबला.

आत कॅपलिनच होतं. तिने पुढचा मासा ओढला.